बागेतील तळ्याचे आरोग्य आणि पाणवनस्पती

वाडीत, फळबागेत अथवा घराच्या परसात खोदलेले लहानसे तळे पहिल्या पावसाळ्यानंतर नितळ दिसते. तळाशी अंथरलेले खडे मोजता येतात आणि माशांची सावलीही वाळूवर पडलेली दिसते. पुढील चैत्रात मात्र तेच पाणी वाटलेल्या मुगासारखे हिरवे होते, काठाला तंतूंच्या जटा लोंबू लागतात, आणि एखाद्या सकाळी सगळे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडांची उघडझाप करताना आढळतात. अशा वेळी मालक बहुधा तीनपैकी एक मार्ग धरतो. तो पाणी उपसून नवे भरतो, पाण्यात एखादे औषध टाकतो, किंवा कंटाळून तळे बुजवून टाकतो. पहिल्या उपायाने दोष पंधरवडाभर झाकला जातो, दुसऱ्याने पुष्कळदा मासे मरतात, आणि तिसऱ्याने तळेच जाते. योग्य पाणवनस्पतींची लागवड केली आणि तिची निगा ठेवली, तर यांपैकी एकाही उपायाची गरज सहसा पडत नाही.

येथे आरंभीच एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. कटला, रोहू, मृगळ यांचे उत्पन्न घेण्यासाठी जे तळे राखले जाते, त्यात हिरवट पाणी इष्ट असते. शेण व खत घालून मुद्दाम प्लवंग वाढविले जातात, कारण तेच माशांचे खाद्य होय. अशा तळ्यात मुळे धरणाऱ्या वनस्पती अडचणीच्या ठरतात. प्रस्तुत विवेचन त्या तळ्यांसाठी नाही. ज्या तळ्यात शोभा, थोडे मासे, पक्ष्यांना पाणी, आणि गरज पडल्यास बागेला स्वच्छ पाणी, एवढीच अपेक्षा आहे, त्याच तळ्याचा विचार येथे केला आहे.

पाणी हिरवे का होते

हिरवे पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे. ते डोळ्यांना सुटे न दिसणाऱ्या सूक्ष्म शैवालाचे दाट पीक होय, आणि प्रत्येक पिकाप्रमाणे त्यालाही प्रकाश व खत लागते. खत म्हणजे मुख्यतः नत्र व स्फुरद. तळ्यात ही द्रव्ये अनेक वाटांनी येतात. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो, तळाशी कुजणाऱ्या पाल्यातून स्फुरद सुटते, पावसाच्या लोंढ्याबरोबर बागेत टाकलेला युरिया व सुपर फॉस्फेट वाहून येतो, आणि सणावाराला निर्माल्यही टाकले जाते. कूपनलिकेच्या पाण्यातही अनेक ठिकाणी नत्र विरघळलेले असते. म्हणून हिरवे पाणी उपसून कूपनलिकेचे नवे पाणी भरणे म्हणजे काही वेळा कापलेल्या पिकाच्या खोडव्याला नवे खत देणेच होय.

अमोनिया माशांना विषारी आहे. पाण्यातील जीवाणू प्रथम त्याचे नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. यांतील नायट्राइट हेही माशांना घातक असते, तर नायट्रेट बरेच निरुपद्रवी असते. हे जीवाणू मोकळ्या पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा एखाद्या पृष्ठभागाला चिकटून राहणे पसंत करतात. बुडालेल्या वनस्पतींची पाने, खोडे व मुळे हा असा पृष्ठभाग पुरवितात. तयार झालेले नायट्रेट त्याच वनस्पती शोषून घेतात. काही प्रमाणात अमोनियाही त्या थेट उचलतात. शैवालाचे अन्न याप्रमाणे दुसऱ्याच्या पोटात गेले आणि वर पसरलेल्या पानांनी प्रकाश अडविला, की सूक्ष्म शैवालाची उपासमार होते व पाणी आपोआप निवळते. पाणवनस्पतींच्या उपयोगाचे सारे तत्त्व एवढेच आहे.

मात्र त्याची दुसरी बाजू विसरून चालत नाही. वनस्पतीने उचललेले नत्र व स्फुरद तळ्याबाहेर गेलेले नसते, ते केवळ पानांत व खोडांत साठविलेले असते. ती वनस्पती तेथेच मेली व कुजली, तर सारा साठा पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणून तळ्याची शुद्धी लावणीने अर्धी होते आणि कापणीने पुरी होते. पुष्कळ तळी बिघडतात ती वनस्पती लावल्या नाहीत म्हणून नव्हे, तर लावल्या आणि काढल्या नाहीत म्हणून.

पहाटेची वेळ

वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात, एवढेच वाक्य ऐकून कोणी तळे हायड्रिलाने खच्चून भरतो आणि श्रावणात मासे गमावतो. दिवसा सूर्यप्रकाशात वनस्पती प्राणवायू सोडतात हे खरे. पण श्वसन त्या रात्रंदिवस करतात, आणि रात्री केवळ प्राणवायू घेतात. मासे, गोगलगायी व गाळातील जीवाणूही त्याच साठ्यावर जगतात. त्यामुळे विरघळलेला प्राणवायू दुपारी सर्वांत अधिक व सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो. त्यातच उन्हाळ्याचे पाणी मुळात कमी प्राणवायू धरते. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर 30 अंशांवर सुमारे साडेसात मिलिग्रॅम. हे प्रमाण तीन मिलिग्रॅमच्या खाली उतरले की बहुतेक मासे अस्वस्थ होतात.

श्रावणात झड लागून तीन-चार दिवस ऊन पडले नाही, की दिवसाची भर थांबते व रात्रीचा खर्च चालूच राहतो. चौथ्या पहाटे मासे वर येतात. तेव्हा घाबरून औषध न शोधता पाणी हलवावे. पंपाने तळ्यातलेच पाणी उचलून उंचावरून तळ्यात सोडावे, अथवा दोन माणसांनी घमेल्यांनी पाणी उपसून परत ओतावे. असे तास-दोन तास केल्याने पुष्कळदा मासे वाचतात. पुढे आभाळ उघडल्यावर वनस्पतींची विरळणी करावी.

दुपारी याच्या उलट घडते. दाट शैवाल पाण्यातील कर्बवायू भराभर ओढून घेते, त्यामुळे सामू वाढतो. हिरव्यागार तळ्यात तो दुपारी नऊच्या वर जाऊ शकतो. सामू व तापमान वाढले की तितकाच अमोनिया माशांना अधिक बाधतो. हिरव्या पाण्यातील मासे पहाटे एका कारणाने व दुपारी दुसऱ्या कारणाने त्रासतात, हे ध्यानात घेतले म्हणजे पाणी निवळ राखण्याचा आग्रह केवळ शोभेसाठी नाही हे पटेल.

पाण्याखालच्या वनस्पती

आपल्याकडे पाण्यातील प्रत्येक हिरव्या वस्तूस सरसकट शेवाळ म्हणण्याची रीत आहे. त्यामुळे उपकारक व उपद्रवी एकाच दाव्यास बांधले जातात. हायड्रिला, सेरॅटोफायलम व व्हॅलिसनेरिया या तिन्ही आपल्या जलाशयांत आढळणाऱ्या, फुले येणाऱ्या वनस्पती आहेत, त्या शैवाल नव्हेत.

सेरॅटोफायलमला मुळेच नसतात. त्याची पाने कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार दिसतात आणि ते आपले अन्न सर्वस्वी पाण्यातूनच घेते. म्हणून शैवालाशी स्पर्धा करण्यास ते सर्वांत योग्य. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात माती नसते, तेथेही ते नुसते सोडून दिले तरी वाढते. नवे तळे करणाऱ्याने प्रथम हेच मिळवावे.

हायड्रिला अधिक जोमदार आहे, आणि त्याच कारणाने अधिक जपून वापरावे लागते. त्याच्या खोडाच्या लहानशा तुकड्यापासूनही नवे झाड होते, शिवाय ते गाळात बारीक कंद धरते. एकदा गाळात बसलेले हायड्रिला वरून उपटून समूळ जात नाही. हीच वनस्पती 1950 च्या दशकात शोभेच्या काचपेट्यांच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडात पोचली आणि तेथील कालवे व सरोवरे तिने व्यापून टाकली. आपल्याकडे तिला खाणारे मासे, पक्षी व कीटक आहेत, म्हणून ती सामान्यतः आवाक्यात राहते. परंतु परसातील लहान तळ्यात हे भक्षक नसतात, ते काम मालकाच्या हातालाच करावे लागते. उत्तर हिंदुस्थानात खांडसरी साखरेतील मळी निथळण्यासाठी अशाच पाणवनस्पतींचे ओले थर साखरेवर रचीत असत. टाकाऊ समजल्या जाणाऱ्या या वस्तूस आपल्या लोकांनी फार पूर्वीच कामास लावले होते.

व्हॅलिसनेरियाची पाने फितीसारखी लांब असतात व ती तळातून सरळ वर येतात. तिची मादी-फुले वळणावळणाच्या देठावर पाण्याच्या पृष्ठभागी येतात, नर-फुले सुटून तरंगत त्यांच्यापाशी पोचतात, आणि फलधारणा झाली की देठ आखडून फळास खाली ओढून घेतो. मुलांना दाखविण्याजोगी ही गोष्ट आहे. वाळूमिश्रित तळावर ही वनस्पती चांगली वाढते आणि हायड्रिलासारखी गर्दी करीत नाही.

बुडणाऱ्या वनस्पतींच्या पाच-सहा काड्यांची जुडी बांधून, बुडख्याशी खडा अडकवून ती सोडावी. दर चौरस मीटरला चार ते पाच जुड्या आरंभी पुरतात. सहा मीटर लांब व चार मीटर रुंद अशा तळ्याचा पृष्ठभाग 24 चौरस मीटर होतो, त्यास साधारण शंभर जुड्या लागतील. याहून अधिक लावण्याचे कारण नाही, त्या स्वतःच वाढतात.

पृष्ठभागावरची सावली

कमळ आणि कुमुद यांत सर्वसामान्यतः घोटाळा होतो. रोपवाटिकेत ज्यास वॉटर लिली म्हणतात ते कुमुद. त्याचे पान पाण्यावर सपाट तरंगते व त्यास देठापर्यंत चीर असते. कमळाचे पान अखंड गोल असते, देठ मध्यभागी जोडलेला असतो, आणि वाढलेले पान पाण्याच्या वर छत्रीसारखे उभे राहते. सावलीसाठी दोन्ही उत्तम, परंतु लहान तळ्यास कुमुदच सोयीचे. कमळाचे कंद, ज्यांची बाजारात कमळकाकडी म्हणून विक्री होते, गाळातून धावत जातात आणि मोकळे सोडल्यास दोन-तीन वर्षांत सारा तळ व्यापतात. कमळ हवेच असल्यास ते अर्धा मीटर व्यासाच्या, बुडाला भोके नसलेल्या पसरट कुंडीत लावून कुंडी पाण्यात ठेवावी.

कुंडीत मळ्यातील जड काळी वा तांबडी चिकण माती घालावी. शेणखत किंवा कंपोस्ट मिसळू नये, तो मोह आवरलाच पाहिजे. सेंद्रिय खत पाण्याखाली कुजून वायू सुटतात, माती उफाळून वर येते आणि शैवालास आयते खाद्य मिळते. मातीवर बोटभर जाड वाळू अथवा बारीक खडीचा थर द्यावा, म्हणजे मासे माती उकरीत नाहीत. कोंबावर आरंभी वीतभर पाणी असावे आणि पाने वाढतील तसतशी कुंडी खाली उतरवावी. अखेर 30 ते 60 सेंटिमीटर पाणी पुरे होते. कमळाचे कंद फाल्गुनाच्या सुमारास, नवे कोंब फुटण्याच्या वेळी विभागावेत. बियांपासूनही कमळ होते, पण बीचे कवच इतके कठीण असते की एका टोकास ते कानशीने घासून आतील पांढरा भाग दिसू लागेपर्यंत पातळ करावे लागते. या कवचाचे सामर्थ्य असे की चीनमधील कोरड्या पडलेल्या एका जुन्या सरोवराच्या गाळात सापडलेले, सुमारे 1300 वर्षांपूर्वीचे बी रुजल्याची नोंद शास्त्रज्ञांनी 1995 साली प्रसिद्ध केली.

साताऱ्याजवळील कास पठारावरच्या कुमुदिनी तलावात पांढऱ्या झालरीच्या नाजूक फुलांची जी वनस्पती पाहण्यास लोक जातात, ती निम्फॉइडिस वंशातील होय. याच वंशातील सखल भागांतील तळ्यांत वाढणारे प्रकार लहान तळ्यास चांगले शोभतात. मात्र रोपे रोपवाटिकेतून अथवा गावतळ्यातून घ्यावीत. कासचे पठार 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे, तेथून काहीही उपटून आणू नये.

उन्हाळ्यात पृष्ठभागाचा निम्मा ते दोनतृतीयांश भाग पानांनी झाकलेला असावा. त्याहून कमी सावलीत पाणी तापते व शैवाल वाढते. त्याहून अधिक झाकल्यास खालच्या वनस्पतींना प्रकाश मिळत नाही व हवेचा संपर्क तुटतो. वरील 24 चौरस मीटरच्या तळ्यास 12 ते 16 चौरस मीटर सावली म्हणजे चांगल्या पोसलेल्या सात-आठ कुमुदांची पाने.

काठावरची लागवड व न्हाणीचा धडा

कोकणात व देशावरही परसात न्हाणीचे सांडपाणी जेथे मुरते तेथे अळू, केळ व कर्दळ लावण्याची जुनी चाल आहे. ज्या गृहिणीने ती पाळली तिने कोणताही ग्रंथ वाचला नव्हता, पण खरकट्या पाण्यातील नत्र व स्फुरद अळवाच्या पानांत उतरवून ती पाने ताटात वाढली, की परसही कोरडे राहते व भाजीही मिळते, हे तिला ठाऊक होते. तळ्याच्या काठच्या लागवडीचे तत्त्व हेच आहे.

तळे खोदताना काठालगत हातभर रुंदीची व वीतभर खोलीची एक पायरी ठेवावी. या उथळ पायरीवर वेखंड, अळू, कर्दळ व नीरब्राह्मी लावावी. नीरब्राह्मीची पाने लहान, जाड व रसाळ असतात. गोल पानांची मंडूकपर्णी, जिलाही पुष्कळ लोक ब्राह्मीच म्हणतात, ती निराळी. नाळीची भाजी तर दुहेरी कामाची आहे. तिचे वेल पाण्यावर पसरतात व दर आठवड्यास शेंडे खुडले की तितके नत्र तळ्यातून निघून स्वयंपाकघरात जाते. मात्र तळ्यात संडासाचे अथवा कारखान्याचे पाणी येत असेल, तर तेथील अळू वा भाजी खाऊ नये, कारण अशा वनस्पती जड धातूही शोषतात. नाळीच्या भाजीचाच भाऊबंद असलेला बेशरम मात्र काठावर येऊ देऊ नये. मूळ दक्षिण अमेरिकेतील हे झुडूप कुंपणासाठी लावले जाते आणि तेथून तळ्यात उतरते.

पाणकणीस, ज्यास कोठे रामबाणही म्हणतात, पाणी शुद्ध करण्यात कोणासही हार जात नाही. परंतु त्याची टोकदार मुळे अस्तराचे प्लॅस्टिक फोडतात आणि उथळ तळे ते चार वर्षांत दलदलीत बदलते. ओढ्याचे पाणी तळ्यात येण्यापूर्वी जेथे थबकते, तेथे स्वतंत्र वाफ्यात त्याची जागा आहे, तळ्यात नाही.

विदर्भातील उदाहरण येथे बोलके आहे. भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले शेकडो तलाव आहेत, जे पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. त्यांपैकी अनेकांत गाळ साचला, बेशरम माजला आणि देशी पाणवनस्पती नाहीशा झाल्या. मासळीवर पोट असलेल्या ढिवर समाजास त्याची झळ प्रथम लागली, कारण देशी मासे ज्या वनस्पतींत अंडी घालतात व पिले जेथे लपतात, त्याच गेल्या होत्या. अलीकडच्या काळात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात या समाजाने, आणि विशेषतः स्त्रियांच्या गटांनी, उन्हाळ्यात बेशरम उपटून, तळ नांगरून, हायड्रिला, सेरॅटोफायलम, व्हॅलिसनेरिया व निम्फॉइडिस यांची लागवड केली. काही तलावांत त्यामुळे देशी मासे व पाणपक्षी पुन्हा दिसू लागले. कोणत्या वनस्पती खोल पाण्यात, कोणत्या उथळात व कोणत्या काठावर, याचे ज्ञान त्यांना पिढीजात होते. परसातील तळ्याच्या मालकाने तोच क्रम लहान मापाने राबवावयाचा आहे.

ज्यांना दारात घेऊ नये

जलपर्णीचे निळसर जांभळे फूल पाहून कोणीतरी ती नदीवरून उचलून आणतो. ही मूळ दक्षिण अमेरिकेतील वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे देशात शिरली असे मानले जाते, आणि अनुकूल हवामानात पंधरवड्याच्या आसपास दुप्पट होते. पुण्याच्या मुळा-मुठेपासून मुंबईच्या पवई तलावापर्यंत तिने काय केले आहे ते सर्वांस दिसते. ती पाणी शुद्ध करते हे खोटे नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडील सांडपाण्याच्या मत्स्यतळ्यांत, ज्यांचा 2002 साली रामसर यादीत समावेश झाला, मच्छीमार ती काठालगत बांबूच्या चौकटीत अडवून वापरतात. परंतु तेथे रोज तळ्यावर राबणारी माणसे आहेत. ज्याच्यापाशी तेवढे मनुष्यबळ नाही त्याने तिच्या वाटेस जाऊ नये.

गोंडाळ, म्हणजे कोबीच्या गड्ड्यासारखी तरंगणारी वनस्पती, निरुपद्रवी दिसते. तिच्याविरुद्ध आणखी एक भारी कारण आहे. मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या श्वासासाठी पृष्ठभागावर येत नाहीत, त्या गोंडाळ व जलपर्णी यांच्या मुळांना नळी खुपसून तेथूनच हवा घेतात. त्यामुळे पाण्यावर तेल टाकूनही त्या मरत नाहीत आणि माशांच्याही सहज हाती लागत नाहीत. हाच डास हत्तीरोगाच्या एका प्रकारचा प्रसार करतो. केरळातील शेर्तलै भागात हा रोग दीर्घकाळ ठाण मांडून होता, आणि तळ्यातून गोंडाळ काढणे हा तेथील नियंत्रणाचा एक मुख्य उपाय ठरला.

इतर डासांसाठी गप्पी मासे पुरेसे आहेत. मात्र काठाचे तंतुमय शैवाल काढून टाकावे, नाही तर अळ्या त्यात लपतात. गंबुसिया मासा 1928 साली डासांसाठीच देशात आणला गेला, तथापि तो देशी लहान माशांची अंडी-पिले खातो. जेथे देशी मासे राखावयाचे आहेत तेथे तो सोडू नये. गवत्या माशाविषयीही तीच सावधगिरी हवी. 1959 साली हाँगकाँगहून आणलेला हा मासा हायड्रिलाने कोंदलेल्या मोठ्या जलाशयास उपकारक आहे, पण 24 चौरस मीटरच्या तळ्यात तो सारी लागवड फस्त करील आणि तिचे खत करून पाण्यास परत देईल.

टिकलीसारखी तरंगणारी बारीक वनस्पती पक्ष्यांच्या पायांबरोबर न बोलावता येते. ती जाळीने गोळा करून कोंबड्यांना घालावी, तिच्यात प्रथिने भरपूर असतात. अझोलाचा प्रकार वेगळा आहे. त्याच्या पानांत राहणारे निळे-हिरवे शैवाल हवेतील नत्र स्थिर करते, म्हणून भातखाचरात तो वरदान असला तरी नत्र कमी करण्यासाठी तळ्यात सोडणे उफराटे होईल. जनावरांच्या खाद्यासाठी तो निराळ्या खड्ड्यातच वाढवावा.

मोरचूद व इतर मोह

द्राक्षबागायतदाराच्या घरी मोरचुदाची पिशवी असतेच, आणि हिरवे पाणी पाहून हात तिकडे जातो. मोरचुदाने शैवाल मरते यात शंका नाही. पण ते एकदम मरते, एकदम कुजते, आणि ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. शिवाय तांबे स्वतःच माशांना विषारी आहे, मृदू पाण्यात तर फार थोड्या प्रमाणातही. जे तांबे गाळात बसते ते तेथून जात नाही. तीन-चार वेळा असा उपचार झालेल्या तळ्यात पुढे गोगलगायी जगत नाहीत आणि पाणवनस्पतीही नीट धरत नाहीत.

एका बाबतीत मात्र चालढकल करू नये. पाण्यावर रंग सांडल्यासारखा निळसर हिरवा तवंग दिसला व त्यास कुबट वास आला, तर काठी बुडवून पाहावी. काठीला तंतू लोंबले तर ते साधे तंतुमय शैवाल, ते दाताळ्याने ओढून काढावे. काठीला रंगाचा लेप बसला तर ते निळे-हिरवे शैवाल असण्याचा संभव आहे. त्याच्या काही जाती विष तयार करतात व ते पाणी पिऊन गुरे व कुत्री दगावतात. अशा तळ्यावर जनावरे नेऊ नयेत, मुलांना उतरू देऊ नये, आणि ते पाणी भाजीपाल्यावर शिंपडू नये.

ठिबक सिंचनासाठी प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी 2016 नंतर शासकीय योजनेमुळे पुष्कळ वाढली. त्यांतील हिरव्या पाण्याने गाळण्या व तोट्या तुंबतात ही सर्वत्र ऐकू येणारी तक्रार आहे. तेथे माती नसल्याने कुंड्यांतील कुमुद व मोकळे सेरॅटोफायलम हाच मार्ग राहतो. पंपाच्या फुटबॉलभोवती जाळी बांधून वनस्पती दोन मीटर दूर ठेवाव्यात. अस्तरावर पाय घसरून बुडण्याचा धोका मोठा असतो, म्हणून लावणी व काढणी करणाऱ्याच्या कमरेस दोर असावा व काठावर दुसरा माणूस असावा.

वर्षाची निगा

नवे सिमेंटचे तळे दोन-तीन वेळा भरून, प्रत्येक वेळी आठवडाभर ठेवून रिकामे करावे, म्हणजे चुन्याचा दाहकपणा जातो. त्यानंतर वनस्पती लावाव्यात आणि मासे सोडण्यापूर्वी किमान महिनाभर थांबावे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणी हिरवे होईल. ते होणारच, कारण शैवाल दिवसांत वाढते व कुमुदास पाने फुटण्यास आठवडे लागतात. या वेळी पाणी बदलू नये. हात कोपरापर्यंत बुडवून पाहावा. तळहात दिसेनासा होत असेल तर आणखी जुड्या टाकाव्यात, अंधूक दिसत असेल तर वाट पाहावी. दर चौरस मीटरला बोटभर लांबीचे दोन-तीन मासे याहून अधिक संख्या नको, आणि पाच मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे.

उन्हाळ्यात दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर पाणी आटते, म्हणजे 24 चौरस मीटरच्या तळ्यातून 240 लिटर. तेवढीच भर संध्याकाळी घालावी. पावसाळ्यापूर्वी बागेच्या बाजूस उथळ चर खणून मातीचा वरंबा घालावा, म्हणजे खताचे पाणी तळ्यात येणार नाही. वरंब्यावर वाळा लावल्यास तो ढासळत नाही.

मुख्य विरळणी वर्षातून दोनदा करावी, पहिली आश्विनात पाऊस संपल्यावर व दुसरी फाल्गुनात. एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक वनस्पती काढू नयेत, नाही तर मोकळ्या झालेल्या खतावर शैवाल झडप घालते. पिवळी पडलेली कुमुदाची पाने मात्र दर आठवड्यास देठासकट खुडावीत. काढलेला ढीग एक रात्र काठावरच ठेवावा, त्यातील गोगलगायी, चतुरांच्या अळ्या व माशांची पिले ओलाव्याने पाण्याकडे परततात. नंतर तो सुक्या पाल्याचे थर देत कंपोस्टच्या खड्ड्यात भरावा, कारण नुसत्या पाणवनस्पतींत बहुतांश पाणीच असल्याने खड्डा चिखल होतो. ओढ्याच्या अथवा कालव्याच्या जवळ हा ढीग टाकू नये, आणि त्यात चुकून आलेली जलपर्णी वा गोंडाळ असल्यास ती वेगळी काढून कडक उन्हात पुरती वाळवावी, मगच खड्ड्यात घालावी.